पोर्टेबल प्लेयार्ड: वापरून संपल्यावर लिहिलेला रिव्ह्यू

प्लेयार्ड म्हणजे बाळाला झोपवायचा-खेळवायचा, जाळीच्या बाजूंचा घडीचा पलंग. त्याचे रिव्ह्यू बघा, सगळे पहिल्या महिन्यातले असतात. बॉक्स आला, जोडला, बाळ झोपलं, पाच स्टार. अहो बाळ तेव्हा कूससुद्धा वळत नसतं, त्याला ठेवाल तिथेच राहणार ते. ही वस्तू खरी कळते दीड वर्षानंतर, पोरगं कठड्याला धरून उभं राहतं आणि बाहेर काय काय उचलण्यासारखं आहे याची पाहणी करायला लागतं तेव्हा. मग प्रश्न पडतो की आता हे बंद करायचं का, आणि नेमकं तेच कुठल्या रिव्ह्यूत सापडत नाही.

आम्ही न्यू जर्सीत, वन बेडरूमचा फ्लॅट, मोठा लाकडी क्रिब (कठड्यांचा बाळाचा पलंग) ठेवला असता तर कपाटाचं दार उघडलं नसतं, म्हणून पहिल्यापासून प्लेयार्डच. इथली आपली मंडळी याला सरसकट पॅक अँड प्ले म्हणतात, ते खरं तर ग्राको कंपनीच्या मॉडेलचं नाव आहे पण कुठल्याही कंपनीचा असला तरी तेच म्हणतात. आमचा कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण थोड्या तक्रारी आहेत आणि या किमतीतले सगळे साधारण सारखेच निघतात.

वस्तू म्हणून चांगली आहे. चारी बाजूला जाळी त्यामुळे पोरगा स्वयंपाकघरातून दिसतो, दोन चाकं आहेत, गुंडाळला की गाडीच्या डिकीत मावतो. उघडताना एक लक्षात ठेवा, मधला भाग वर ठेवून आधी चारी कठडे खट्ट आवाज येईपर्यंत ओढायचे आणि मग मध्यभाग खाली दाबायचा. उलटं केलं तर कठडे लॉकच होत नाहीत आणि माणूस घामाघूम होतो. बॅग मात्र अशी मापात शिवलीय की पुन्हा आत घालताना दोन माणसं लागतात, त्यात चेन एका कोपऱ्यावर अडकते ती अडकतेच.

आता मुद्द्याचं. आमच्या बॉक्सवर हसऱ्या बाळाच्या फोटोशेजारी मोठ्या अक्षरात लिहिलंय, तीन वर्षांपर्यंत. खरे आकडे गादीखालच्या लेबलवर, बारीक अक्षरात: उंची ३५ इंच, वजन ३० पौंड, आणि मूल चढायचा प्रयत्न करायला लागलं की वापर बंद. या तिन्हीपैकी जे आधी होईल ते. ३५ इंच म्हणजे ८९ सेंटीमीटर. डब्ल्यूएचओच्या वाढीच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलग्याची मधली उंची ८७ च्या आसपास आहे, मुलीची त्याहून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर कमी. म्हणजे सर्वसाधारण मूल सव्वादोन ते अडीच वर्षांच्या मध्ये ८९ ओलांडतं. तीन वर्षं कुठून आली मग? आणि उंच अंगाचं मूल असेल तर दोनच्या आधीच खेळ खलास. वजनाचं उलट आहे, ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलोच्या वर थोडं, तिथपर्यंत पोचायला बहुतेक मुलांना पावणेतीन वर्षं लागतात, त्यामुळे "आमचा अजून बारीकच आहे" यावर निर्धास्त राहू नका, उंची आधी संपते.

त्यात अमेरिकेत डॉक्टरकडची व्हिजिट २४ महिन्यांना असते आणि पुढची एकदम ३० महिन्यांना, नेमकी मधल्या सहा महिन्यांतच मुलं ही रेघ पार करतात, म्हणून घरीच दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करायची. तेवढं पुरतं.

पण उंची-वजन हे कागदावरचे आकडे झाले, बऱ्याच घरांत त्यांच्या आधी चढणं येतं, कुणाकडे दीड वर्षातच. आमच्याकडे पण तसंच झालं. आधी साहेब टाचा वर करून बघायचे, मग दोन्ही हातांनी कठडा धरून अंग वर ओढायचे आणि खाली पाय जाळीवर घसरायचे, ते दिसायला भारी वाटतं, आजी टाळ्या वाजवायची. मग मोठा कापडी हत्ती कोपऱ्यात ओढून त्याच्यावर उभं राहणं सुरू झालं. आणि मग एका दुपारी गुडघा कठड्यावर. बायकोने तिथल्या तिथे उचललं आणि त्या रात्रीपासून प्लेयार्डमध्ये झोपवणं बंद, यावर घरात चर्चाही झाली नाही.

ज्यांना वाटतं की एकदा पडू दे, आपोआप कळेल, त्यांच्यासाठी: या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं, मूल कठड्यावरून वाकलं की आधी डोकंच खाली जातं. हात पुढे टेकून सावरणं वगैरे त्यांना कुठलं जमायला.

मापायचं असेल तर सोपं आहे. मूल आत सरळ उभं राहिलं की कठडा कुठे येतो ते बघा. गळ्याजवळ असेल तर अजून वेळ आहे, छातीच्या मध्यावर आला की थांबा, क्रिबच्या बाबतीतही इथले बालरोगतज्ज्ञ साधारण हाच निकष सांगतात. फसायला होतं ते झोपण्याच्या लांबीमुळे. आतली गादी लांबीला तीन फुटांहून थोडी जास्त असते, त्यामुळे पोरगा आडवा झाला की अगदी मापात बसतो आणि वाटतं अजून सहा महिने सहज जातील. आडव्याला जातील हो, उभ्याला नाही.

याच्या वरच्या मजल्याचं, म्हणजे तान्ह्या बाळासाठी वर अडकवतात त्या बॅसिनेटचं गणित वेगळं, ते फार लवकर संपतं. आमच्या बॅसिनेटला मर्यादा १५ पौंड, किंवा बाळ हात-गुडघ्यांवर उठायला लागेपर्यंत. १५ पौंड म्हणजे पावणेसात किलो, बरीच मुलं चौथ्या-पाचव्या महिन्यात तिथे पोचतात. त्यानंतर वरचा मजला काढून टाकायचा, मोह करायचा नाही.

आता आईचा विषय. आई कराडहून आली होती, पहिल्या दिवशी तिने गादीवर हात दाबून बघितला आणि म्हणाली, "अरे, एवढ्या टणक फळीवर लेकराची पाठ दुखेल की." आणि बॅगेतून गोधडी काढली, स्वतः शिवलेली, चौघडी करून अंथरायला. शिवाय मोहरीची उशी. आता आईला नाही म्हणणं सोपं असतं का? पण या प्लेयार्डची गादी पातळ आणि कडक असते ती मुद्दाम, आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सचं म्हणणं स्पष्ट आहे की बरोबर आलेल्या गादीवर फक्त तिच्या मापाची चादर, वरून काही नाही. बाजू जाळीच्या म्हणजे मऊ असतात, जाडी जास्त झाली की गादी आणि जाळीच्या मध्ये फट पडते आणि लहान बाळाचं तोंड तिथे अडकू शकतं. मोठ्या मुलाच्या बाबतीत दुसरी भानगड. कठड्याची उंची मुळात दोन फुटांच्या आसपास, त्यात चौघडी गोधडी घातली की पोरगा तेवढाच वर येतो. अजून पुरली असती ती वस्तू आपण स्वतःच दोन महिने आधी संपवतो. हे दुसरं कारण आईला लगेच पटलं, पहिलं अजून पटलेलं नाही. गोधडी जमिनीवर खेळायला अंथरली, मिटलं.

चढायला लागल्यावर बरेच जण जुगाड करतात. स्लीप सॅक, म्हणजे पायाशी बंद असलेली झोपायची पिशवी, घालतात म्हणजे पाय वर टाकता येत नाही, त्याने थोडे दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी सोय करून घ्या. खेळणी, उशा, मोठे टेडी सगळं बाहेर, हे तर आधीच करायला हवं. पण वरून जाळी किंवा मच्छरदाणी बांधून झाकण करू नका. भारतात बऱ्याच मॉडेलबरोबर मच्छरदाणी येते, ती डासांसाठी आहे, आत उभं राहून धडका देणाऱ्या पोरासाठी नाही, त्यात गुरफटायची भीती वेगळीच.

पुढे काय, तर इथे लोक लगेच टॉडलर बेड बघायला दुकानात पळतात. आपल्याला त्याची काय गरज? गादी जमिनीवर टाकली, भिंतीपासून जरा लांब, झालं काम. आपण सगळे असेच वाढलो. फक्त आता पोरगा रात्री उठून घरभर फिरू शकतो हे धरून चालायचं, म्हणजे ड्रॉवरचं कपाट पट्टीने भिंतीला ठोकून घ्यायचं, खिडकीला कुलूप, पडद्याच्या दोऱ्या वर बांधायच्या, जिना असेल तर गेट. आमचा पहिले काही दिवस रात्री आमच्या उशाशी येऊन उभा राहायचा, काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं. दचकायला होतं.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी, कारण मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला एक तरी प्लेयार्ड फुकट किंवा दहा-वीस डॉलरला येतोच. घ्या, पण लेबलवरची उत्पादनाची तारीख बघून. प्लेयार्डसाठीचे अमेरिकेतले सक्तीचे नियम २८ फेब्रुवारी २०१३ पासून लागू झाले, त्याआधीचा असेल तर गोड बोलून नको म्हणा. आणि मॉडेल नंबर सीपीएससीच्या, म्हणजे इथल्या ग्राहक सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या, रिकॉलच्या (धोकादायक म्हणून परत मागवलेल्या वस्तूंच्या) यादीत टाकून बघा. १९९८ साली शिकागोत डॅनी कीसार नावाचा १६ महिन्यांचा मुलगा पाळणाघरात दगावला, असल्याच घडीच्या क्रिबचा कठडा मधून दुमडला आणि त्याची मान अडकली. तो क्रिब पाच वर्षं आधीच रिकॉल झालेला होता आणि वापरणाऱ्यांना पत्ताच नव्हता. २००८ च्या कायद्यात त्याच्या नावाने कलम आलं, त्यामुळेच आता अशा वस्तूंबरोबर रजिस्ट्रेशनचं कार्ड येतं. ते कार्ड कचऱ्यात टाकू नका, भरा, दोन मिनिटांचं काम.

आमच्या प्लेयार्डचा सध्या बॉल पिट (चेंडूंनी भरलेला खेळायचा हौद) झालाय, पण त्यातही साहेब आता बाहेरूनच आत चढतात, त्यामुळे तेही फार दिवस चालणार नाही.

पाचपैकी चार स्टार. अर्धा बॅगेच्या चेनचा कापला, अर्धा बॉक्सवरच्या त्या "तीन वर्षांपर्यंत"चा.