फोनचा रेकॉर्डर, एक कार्ड आणि राजाबाई टॉवर : आयईएलटीएस स्पीकिंगच्या सरावाचा सात महिन्यांचा अनुभव

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतील स्पीकिंग म्हणजे बोलण्याच्या चाचणीसाठी मी सात महिने प्रामुख्याने दोनच साधने वापरली. पहिले म्हणजे फोनमध्ये आधीपासून असलेला व्हॉइस रेकॉर्डर, आणि दुसरे म्हणजे ‘तुमच्या शहरातील, तुम्हाला आवडणाऱ्या किंवा न आवडणाऱ्या एका उंच इमारतीचे वर्णन करा’ हे चाचणीत बोलायचा विषय देणारे कार्ड. पहिल्या प्रयत्नात मला स्पीकिंगमध्ये ६ मिळाले होते आणि परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठी ७ हवे होते. डोंबिवलीहून फोर्टला नोकरीसाठी रोज ये-जा करताना क्लासला वेळ देणे शक्य नव्हते, म्हणून हा मार्ग धरला. ज्यांची परिस्थिती अशीच आहे त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

चाचणीचे स्वरूप थोडक्यात सांगते. ती ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग असतात. दुसऱ्या भागात कार्ड हातात दिले जाते, विचार करायला आणि टिपणे काढायला एक मिनिट मिळते आणि त्यानंतर एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे असते. दोन मिनिटे झाली की परीक्षक थांबवतात. गुण चार निकषांवर सारख्याच वजनाने दिले जातात : ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. म्हणजे इमारतीबद्दल तुमची माहिती किती अचूक आहे, याला स्वतंत्र गुण नाहीत. ही गोष्ट मी वाचली पहिल्याच आठवड्यात होती, पण ती मला खऱ्या अर्थाने कळायला दोन महिने लागले.

सुरुवातीला मी बुर्ज खलिफा निवडला. त्याची उंची ८२८ मीटर, मजले १६३, उद्घाटन ४ जानेवारी २०१० रोजी, आणि तिन्ही बाजूंना पसरलेल्या पाकळ्यांसारखा आराखडा, हे सगळे मी पाठ केले. पहिले ध्वनिमुद्रण अठ्ठेचाळीस सेकंदांचे झाले. सगळे आकडे सांगून झाले आणि त्यापुढे माझ्याकडे बोलण्यासारखे काहीच उरले नाही, कारण ती इमारत मी कधी पाहिलेली नाही. शिवाय कार्डावर ‘तुमच्या शहरातील’ असे स्पष्ट लिहिलेले होते, तिकडे माझे लक्षच गेले नव्हते. तरीही महिनाभर मी त्याच मजकुराला नवी विशेषणे जोडत राहिले. याच काळात पैसे भरून एक सरावाचे अ‍ॅपही घेतले होते. त्याने माझ्या पाठ केलेल्या भाषणाला दर वेळी चांगले गुण दिले, त्यामुळे चूक लक्षात यायला आणखी उशीर झाला. ध्वनिमुद्रण स्वतः ऐकल्यावर मात्र फरक लगेच कळत होता. पाठ केलेले वाक्य आले की माझा वेग वाढे, आवाज सपाट होई आणि ते संपताच मी अडखळत असे.

तिसऱ्या महिन्यात मी राजाबाई टॉवर, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या आवारातील घड्याळाचा मनोरा, निवडला. कामावर जाताना ओव्हल मैदानाच्या कडेने चालत असताना तो मला रोज दिसतो. मनात शंका होती, की आजच्या मुंबईत ८५ मीटरच्या मनोऱ्याला उंच म्हणावे का. प्रत्यक्षात ही शंकाच सर्वांत उपयोगी ठरली. १८७८ मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा शहरातील सर्वांत उंच वास्तू तोच होता आणि आज तो टॉवरांच्या गर्दीत ठेंगणा वाटतो, एवढे सांगायचे म्हटले तरी भूतकाळ, कर्मणी प्रयोग आणि तुलना हे तिन्ही आपोआप येतात. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केलेला आराखडा, आणि प्रेमचंद रायचंद यांनी देणगी देऊन मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव दिले ही हकीकत सांगताना ओघ टिकतो, कारण ती गोष्ट आहे. राजाबाईंना दिसत नसे, त्या जैन असल्याने सूर्यास्तापूर्वी जेवत आणि घड्याळाच्या टोल्यांमुळे त्यांना वेळ कळत असे, अशी आख्यायिका सांगतात. ती सांगताना माझा आवाज बदलतो, हे मला ध्वनिमुद्रणातच पहिल्यांदा ऐकू आले. त्या दिवशी मी एक मिनिट पन्नास सेकंद बोलले आणि शेवटी मला थांबावेसे वाटत नव्हते.

भाषेच्या बाबतीत या एका कार्डाने मला जे दाखवले, त्याबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण मराठी माध्यमातून आलेल्या बहुतेकांना ते लागू पडेल. आपण डोंगरालाही उंच म्हणतो, इमारतीलाही आणि माणसालाही. इंग्रजीत डोंगर ‘हाय’ असतो, तर माणूस आणि इमारत ‘टॉल’ असतात. तरी ‘हाय-राइज’ हा शब्द मात्र चालतो. पहिल्या वीस ध्वनिमुद्रणांत मी जवळजवळ प्रत्येक वेळी ‘हाय बिल्डिंग’ म्हटले होते. मजल्याचेही तसेच आहे. इमारतीला किती मजले आहेत हे सांगताना ‘स्टोरी’ हा शब्द शोभतो आणि आपण कोणत्या मजल्यावर राहतो हे सांगताना ‘फ्लोअर’. आपला तळमजला ब्रिटिश पद्धतीशी जुळतो, पण अमेरिकी पद्धतीत त्यालाच पहिला मजला म्हणतात, म्हणून मी ‘ग्राउंड फ्लोअर’ हाच शब्द शेवटपर्यंत कायम ठेवला.

‘आहे’ या क्रियापदाने मला बराच त्रास दिला. ‘त्याला मोठे घड्याळ आहे’ हे मनात मराठीत तयार झाले की तोंडून ‘इट इज हॅविंग’ बाहेर पडे. शब्द सुचेना झाला की ‘म्हणजे’ऐवजी ‘मीन्स’ येई. एका ध्वनिमुद्रणात मी तो अकरा वेळा मोजला. उच्चारांत सर्वांत मोठी अडचण प्रत्यक्ष विषयाच्या नावातच होती. मराठीत आपण ‘टॉवर’ म्हणतो, इंग्रजी उच्चार ‘टाउअर’च्या जवळ जातो, आणि दोन मिनिटांत हा शब्द दहा वेळा येतो. ‘आर्किटेक्चर’मध्ये पहिल्या आणि ‘डेव्हलपमेंट’मध्ये दुसऱ्या अक्षरावर आघात द्यायचा, हे शब्दकोशातील उच्चार ऐकून आणि लगेच स्वतःचे ध्वनिमुद्रण त्याच्या शेजारी वाजवून मी पक्के केले. ‘व्ह्यू’ आणि ‘विंडो’ यांच्या पहिल्या ध्वनीतला फरक मात्र मला अजूनही दर वेळी साधत नाही.

न आवडणाऱ्या इमारतीवरही मी बोलून पाहिले आणि ते अनपेक्षितपणे सोपे गेले. आईच्या घरासमोर एक बत्तीस मजली इमारत उभी राहिली आणि आईच्या गॅलरीत सकाळी येणारे ऊन गेले. तुळस जगेना, म्हणून तिने कुंडी गच्चीवर नेली. एवढेच मी साध्या इंग्रजीत सांगितले. कोणतेही अवघड विशेषण न वापरता त्या दिवशीचे बोलणे माझ्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत सर्वांत स्वच्छ झाले आहे. कार्डात ‘किंवा न आवडणाऱ्या’ हे शब्द आहेत, त्यांचा उपयोग करून घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन.

रेकॉर्डरची मर्यादा तिसऱ्या भागात उघडी पडते. तिथे परीक्षक त्याच विषयाला धरून व्यापक प्रश्न विचारतात : शहरे वरच्या दिशेने का वाढतात, अशा इमारतींत राहण्याचे तोटे काय, जुन्या वास्तू जपाव्यात की पाडाव्यात. यंत्र उलट प्रश्न विचारत नाही. म्हणून दर रविवारी माझे सासरे प्रश्न विचारायला बसू लागले. ते गिरणीत कामाला होते आणि १९८२च्या संपानंतर घरी बसले. ते मराठीत विचारत आणि मी इंग्रजीत उत्तर देत असे. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर कसे आले, तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या मुंबईत जमीन का अपुरी पडते, आग लागल्यावर तिसाव्या मजल्यावरचा म्हातारा माणूस खाली कसा येणार, हे त्यांचे प्रश्न कोणत्याही छापील संचापेक्षा अवघड होते. शेवटच्या प्रश्नासाठी मी लिफ्ट, जिने आणि आगीच्या वेळी थांबण्यासाठी राखून ठेवलेला मजला यांविषयी वाचले, तेव्हा तोट्यांबद्दल बोलायला मला पहिल्यांदा खरे वाक्य सापडले. घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही म्हणून तिसरा भाग सोडून देऊ नये. प्रश्न कोणत्याही भाषेत विचारता येतो.

आणखी दोन उणिवा सांगितल्या पाहिजेत. व्याकरणाची जी चूक आपल्याला ठाऊकच नाही, ती स्वतःच्या कानाला कळत नाही. ‘इट इज टॉल बिल्डिंग’ असे म्हणताना ‘अ’ गाळला जात होता, हे माझ्या लक्षात आले नाही. ते एका सहकारी मैत्रिणीने सांगितले. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी जाणकार व्यक्तीला ध्वनिमुद्रण ऐकवावे. दुसरे म्हणजे पहिले पंधरा दिवस स्वतःचा आवाज ऐकणे फार जड जाते. मी त्या काळात दोनदा सराव सोडला होता.

दुसऱ्या प्रयत्नात मला इमारतीचे कार्ड आले नाही. लहानपणी वारंवार गेलेल्या एका जागेविषयी बोलायचे होते. मिळालेल्या एका मिनिटात मी कागदावर केवळ चार शब्द लिहिले आणि आजोळच्या विहिरीबद्दल बोलू लागले. परीक्षकांनी मला मध्येच थांबवले, म्हणजे दोन मिनिटे पूर्ण झाली होती. स्पीकिंगमध्ये ७ मिळाले. अ‍ॅपची वर्गणी मी पुन्हा भरली नाही. धाकटी नणंद आता हीच परीक्षा देणार आहे. तिने कल्याणमधील पाण्याची एक उंच टाकी निवडली आहे आणि ती इमारत धरायची की नाही, यावर आमचा दोन दिवस विचार चालू आहे.