गेल्या दिवाळीचे आकडे कुठे ठेवायचे: गूगल अ‍ॅनालिटिक्स की माटोमो?

मी एका दिवाळी अंकाची वेबसाइट सांभाळतो. वर्षातले नऊ-दहा महिने तिथे तुरळक वर्दळ असते. सगळी गर्दी गणपती उठले की सुरू होते आणि भाऊबीजेला ओसरते. गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ आणि माटोमो ही वेबसाइटवर किती जण आले, काय पाहिलं याची मोजदाद करणारी दोन्ही टूल मी याच साइटवर वापरली आहेत. तुमची साइट बारा महिने सारखी चालत असेल, तर माझ्या मताला थोडं कमी वजन द्या.

रोजच्या वापरात दोन्हींत मला फार अंतर जाणवलं नाही. आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि आमच्या मागणीच्या वहीशी तर दोन्हींचे जुळत नाहीत. जाहिराती रोखणारी एक्स्टेन्शन्स दोन्हींना अडवतात. त्यामुळे ‘कोण जास्त अचूक’ या वादात मी पडत नाही. कल कुठे आहे, एवढं दोन्ही सांगतात.

माझा निर्णय झाला तो संपादकांच्या एका प्रश्नावरून. वानगीदाखल आम्ही अंकातली एक कथा साइटवर ठेवतो. त्यांनी विचारलं, “ती वाचून तिथूनच किती जण मागणीच्या पानावर गेले? गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी?” पुढच्या वेळी कथा पूर्ण द्यायची की सुरुवातच द्यायची, हे त्यावर ठरणार होतं.

कोणतं पान किती वेळा पाहिलं, हे गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या नेहमीच्या अहवालांत जुन्या वर्षाचंही मिळतं. पण एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेल्यांचा माग त्याच्याच ‘एक्सप्लोर’ या वेगळ्या विभागात काढावा लागतो, आणि तिथे नोंदी ठेवण्याची मुदत लागू होते. ती मुळात दोन महिन्यांची असते. सेटिंगमध्ये जाऊन चौदा महिने करता येते. हे त्यांच्या माहितीपानांवर स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वेळेवर वाचलं नव्हतं, चूक माझीच. मुदत नंतर वाढवली तरी पुसलेल्या नोंदी परत येत नाहीत. संपादकांना मी अर्धंच उत्तर देऊ शकलो, आणि त्याची रुखरुख अजून आहे.

मग चौदा महिने केले की झालं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण दिवाळी इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ साली १ नोव्हेंबरला, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला जातं. त्यामुळे ‘गेल्या वर्षीची हीच तारीख’ ही तुलना आमच्या कामाची नाही. मी लक्ष्मीपूजनापासून मागे आठवडे मोजतो. आता २०२६ चा हंगाम आटोपून डिसेंबरात अहवाल करायला बसलं, तर तुलनेसाठी लागणारा सप्टेंबर २०२५ पंधरा महिने मागे गेलेला असतो. नेमका तोच महिना हातून सुटतो, आणि आगाऊ मागणी त्याच महिन्यात सुरू होते.

यावर बिगक्वेरीचा, म्हणजे गूगलच्याच ऑनलाइन डेटाबेसचा, उपाय आहे. नोंदी रोज तिकडे पाठवता येतात, पण जोडणी केली त्या दिवसापासूनच्याच. बिलिंग सुरू न करता सँडबॉक्समध्ये (त्याच्या फुकट सोयीत) ठेवल्या तर तिथेही साठ दिवसांनी पुसल्या जातात. शिवाय एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहिता येणारं माणूस हवं. आमच्याकडे तसं कोणी नाही.

माटोमो पूर्वी ‘पिविक’ होतं. २०१८ पासून हे नाव आहे. पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस चालणाऱ्या स्वतःच्या सर्व्हरवर ते बसवलं, की कच्च्या नोंदी आपल्याच डेटाबेसात राहतात आणि आपण सांगितल्याशिवाय पुसल्या जात नाहीत. आज सुचलेला प्रश्न दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला विचारता येतो. ‘कथेचं पान पाहिलं आणि त्याच भेटीत मागणीचं पान पाहिलं’ असा सेगमेंट (अट लावून वेगळा काढलेला भेटींचा गट) केला, दोन्ही वर्षांचे आठवडे टाकले, की उत्तर समोर. पायरीपायरीनं गळती दाखवणारा फनेल मात्र वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो. मला त्याची गरज पडलेली नाही.

याची किंमत कष्टात मोजावी लागते. डेटाबेस फुगत जातो. अहवाल आधीच तयार करून ठेवणारं काम क्रॉनवर (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरच्या सोयीवर) लावावं लागतं, नाहीतर मोठा कालावधी निवडला की पान उघडता उघडत नाही. अपडेट आपणच करायचे, बॅकअप आपणच घ्यायचा. पहिल्या वर्षी ऐन वसुबारसेला होस्टिंगची जागा भरली आणि दोन दिवस नोंदच झाली नाही. तेव्हापासून ऑगस्टमध्येच जागा तपासून घेतो.

तुम्ही गूगलवर जाहिराती देत असाल, तर अ‍ॅनालिटिक्स सोडा असं मी म्हणणार नाही. ती जोडणी माटोमोत इतकी सहज मिळत नाही. लोक ‘दिवाळी अंक’ देवनागरीत शोधतात की रोमनमध्ये, हे पाहायला सर्च कन्सोल हे गूगलचं शोधांचे आकडे दाखवणारं टूल पुरतं. ते वेगळं वापरता येतं आणि सोळा महिने मागचं दाखवतं. सर्व्हर सांभाळणारं कोणीच नसेल, तरी अ‍ॅनालिटिक्सच बरं.

पण तुमचं वर्ष एका सणावर उभं असेल आणि महिन्यातून एक संध्याकाळ देता येत असेल, तर मी माटोमोकडे झुकेन. ते गर्दीच्या निदान महिनाभर आधी बसवा. अ‍ॅनालिटिक्सवरच राहणार असाल, तर मुदत चौदा महिन्यांवर आजच न्या, आणि भाऊबीज झाली की त्या हंगामाचे एक्सप्लोरचे तक्ते उतरवून आपल्याकडे ठेवा.