उंची विचारणारे यंत्र आणि उपग्रहाचे रिचार्ज

माझ्या मालकीचा एकच ट्रेलर आहे आणि तो मी स्वतःच चालवतो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात निफाड आणि दिंडोरीकडील पॅकहाउसमधून द्राक्षांचे रीफर, म्हणजे आत थंडावा राखणारे, कंटेनर भरून ते न्हावा शेवा बंदरात पोहोचवणे हे माझे मुख्य काम. मागील हंगामाच्या सुरुवातीला कळंबोलीत ट्रक उभा करून चहा घेत असताना, टपरीशेजारी मोठी छत्री लावून बसलेल्या एका विक्रेत्याकडून मी ‘ट्रक स्पेशल नेव्हिगेशन’ नावाचे यंत्र ११,५०० रुपयांना घेतले. ते का घेतले, त्यात मला कसे फसवले गेले आणि ते माझ्या लक्षात यायला इतका वेळ का लागला, हे मी येथे क्रमाने लिहीत आहे, कारण त्याच छत्रीसारख्या छत्र्या मला नंतर आणखी दोन ठिकाणी दिसल्या.

यंत्राची गरज खरी होती, हे आधी सांगितले पाहिजे. चाळीस फुटी रीफरची उंची साडेनऊ फूट, म्हणजे सुमारे २.९ मीटर असते आणि त्याखाली ट्रेलरचा पाटा जमिनीपासून दीड मीटरवर असतो. म्हणजे रस्त्यापासून कंटेनरच्या छतापर्यंत जवळजवळ ४.४ मीटर होतात. आपल्या फोनवरील गूगल मॅप्समध्ये मोटारीचा पर्याय आहे, दुचाकीचा आहे, पण ट्रकचा नाही, त्यामुळे जिथून मोटार जाते तिथून तो आपल्यालाही बिनदिक्कत पाठवतो. युरोप-अमेरिकेतील चालक गाडीची उंची, लांबी आणि वजन भरून रस्ता काढणारी यंत्रे वापरतात, हे मी ऐकून होतो. विक्रेत्याने नेमकी हीच दुखरी नस धरली.

त्याने माझ्यासमोर पडद्यावर ट्रकचे चित्र निवडले, उंचीच्या चौकटीत ४.४ लिहिले, वजन आणि लांबी लिहिली, नाशिकचा पत्ता टाकला आणि काही क्षणांत निळी रेघ उमटली. “मालक, हे थेट उपग्रहावरून चालतं, नेट लागत नाही, तुमच्या उंचीचा पूल नसेल तो रस्ता हे दाखवणारच नाही,” असे तो म्हणाला. डब्यावर ‘एआयएस-१४० मान्यताप्राप्त’ असे चिकटवलेले होते, ते पाहून माझी खात्री पटली. वर्षभराचे ‘उपग्रह रिचार्ज’ म्हणून त्याने आणखी १,८०० रुपये घेतले. पावती मिळाली, पण तिच्यावर दुकानाचा पत्ता नव्हता आणि जीएसटी क्रमांकही नव्हता. माझे त्याकडे लक्ष गेले होते, तरीही मी ती खिशात घातली.

पहिल्या चार फेऱ्या महामार्गावरून झाल्या आणि महामार्गावर कोणतेही यंत्र हुशारच वाटते. पाचव्या फेरीला निफाडजवळील एका पॅकहाउसमधून भरलेला कंटेनर घेऊन निघालो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. पुढे उसाची ट्रॉली उलटल्यामुळे रस्ता अडला होता. यंत्राने डावीकडे वळायला सांगितले आणि मी वळलो. अडीच किलोमीटर गेल्यावर रस्ता अरुंद होत गेला, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आल्या, आणि दिव्यांच्या झोतात मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाखालची मोरी दिसली. फाटक बंद करून त्या जागी रेल्वे जे मर्यादित उंचीचे भुयारी मार्ग बांधते त्यांपैकी ती एक होती. अलीकडे लोखंडी आडवी कमान होती, तिच्यावर ‘उंची ३.६ मी.’ असे रंगवलेले होते आणि खालच्या कडेला आधीच्या कोणाच्या तरी छताने खरवडलेल्या चकचकीत रेषा होत्या. यंत्र मात्र शांतपणे सांगत होते, “सरळ पुढे चला.”

ट्रेलर तिथे वळणे अशक्य होते. वस्तीवरची चार माणसे बॅटऱ्या घेऊन आली. एक जण मागे चालत गेला, दुसऱ्याने घराकडे जाणारी विजेची तार कोरड्या बांबूने उचलून धरली, आणि अडीच किलोमीटर उलटे यायला मला पावणेतीन तास लागले. त्यात एका बागेच्या मांडवाचा कोपऱ्यातील खांब मोडला, त्याचे ३,००० रुपये मी जागेवरच दिले आणि ते योग्यच होते. बंदरात कंटेनर वेळ टळून गेल्यावर पोहोचला, वाहतूक कंपनीने माझ्या भाड्यातून ६,००० रुपये कापले, आणि त्याबद्दल मी वाद घालू शकलो नाही.

यानंतर मी जे केले ते सांगायला मला संकोच वाटतो. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो जराही गोंधळला नाही. नकाशा जुना झाला असेल, २,४०० रुपये पाठवा, रात्रीतून अपडेट येईल, असे त्याने सांगितले आणि मी यूपीआयने पैसे पाठवले. अपडेट आले नाही. आठ दिवसांनी त्याचा फोन बंद लागला आणि कळंबोलीत त्याची छत्रीही नव्हती.

मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या माझ्या भाच्याने यंत्र पाहिले. त्याने प्रथम समृद्धी महामार्ग शोधला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, पण या ‘चालू वर्षाच्या’ नकाशात त्याचा मागमूसही नव्हता. मग त्याने उंचीच्या चौकटीत ४.४ पुसून ४० लिहिले. चाळीस मीटर म्हणजे बारा-तेरा मजली इमारत. यंत्राने थोडा विचार केल्यासारखे दाखवले आणि त्याच मोरीखालून जाणारी तीच निळी रेघ पुन्हा काढली. सगळी लबाडी त्या रेघेत होती. यंत्रातील प्रणालीला उंची विचारायला शिकवलेले आहे, परंतु उत्तर देण्यासाठी नकाशात प्रत्येक पुलाची आणि मोरीची उंची नोंदलेली असावी लागते, आणि येथे मोटारीसाठी बनवलेला जुना नकाशा भरलेला होता. मी लिहिलेला आकडा कोणीही वाचत नव्हते.

रिचार्जची गोष्ट तर याहून उघड आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जे संकेत पाठवतात ते कोणालाही विनामूल्य घेता येतात आणि त्यासाठी वर्गणी नसते. त्या संकेतांत रस्ता, पूल किंवा गर्दी यांचा काहीही उल्लेख नसतो. किमान चार उपग्रहांच्या संकेतांवरून यंत्र फक्त आपण कुठे आहोत हे काढते, बाकी सर्व काम आतल्या नकाशाचे. नकाशाच्या किंवा सिमकार्डाच्या सेवेचे पैसे कोणी मागितले तर ते समजण्यासारखे आहे, उपग्रहाचे मागितले तर नाही. एआयएस-१४० हे मानकही गाडीचा माग काढणाऱ्या आणि संकटकाळी बटण दाबता येणाऱ्या उपकरणाचे आहे, वाट दाखवणाऱ्या यंत्राशी त्याचा संबंध नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या टॅबलेटवर भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. माझ्या यंत्राच्या पाठीवर तो नव्हता.

यूपीआयच्या रकमेसाठी मी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण तोपर्यंत महिना उलटला होता आणि विक्रेत्याचे खाते रिकामे झाले होते. अशी तक्रार काही तासांत केली तर रक्कम गोठवली जाण्याची आशा असते. ग्राहक आयोगाबद्दल अनेक चालक मला म्हणाले की, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार तिथे चालत नाही. हे अर्धेच खरे आहे. २०१९ च्या कायद्यानुसार स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यापारी उपयोगात मोडत नाही, म्हणून एकाच गाडीचा मालक-चालक तिथे दाद मागू शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. माझी अडचण वेगळी होती, ती म्हणजे नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची ही.

आता अनोळखी रस्ता असेल तर मी निघण्यापूर्वी फोनवरील नकाशा मोठा करून रस्ता रेल्वेला कुठे छेदतो ते पाहतो आणि पॅकहाउसमधील माणसाला त्या जागी फाटक आहे, वरून पूल आहे की मोरी, एवढेच विचारतो. कंटेनर बदलला की उंची पुन्हा टेपने मोजतो.

गेल्या महिन्यात महामार्गावरील एका ढाब्यासमोर तसाच डबा, तसेच चिकटवलेले अक्षर आणि दुसराच तरुण विक्रेता दिसला. त्याने माझ्या गाडीची उंची विचारली. मी चाळीस मीटर सांगितली. त्याने ती लिहिली, रेघ आली, आणि तो मोठ्या कौतुकाने म्हणाला, “बघा, लगेच रस्ता काढला.”