बलेनो आरएस आणि मेहुण्याची मस्टँग: कोल्हापुरात दोन्ही वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय त्यांची सुटका होईल. सरळ रस्त्यावर मेहुण्याची फोर्ड मस्टँग माझ्या मारुती बलेनो आरएसला कुठल्या कुठं सोडून जाते, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. पण वळणावळणाच्या रस्त्यानं गगनबावड्याला जायचं ठरलं आणि दोन्ही चाव्या टेबलावर असल्या, तर मी बलेनोची उचलतो. मेहुणा याला कंजूषपणा म्हणतो. पेट्रोलचा भाग आहेच, नाही असं नाही, पण मुद्दा तो नाही.

माझी गाडी 2018 ची, वापरलेली. गेल्या दसऱ्याला घेतली, आता आषाढ लागलाय. हे मॉडेल मार्च 2017 मध्ये दिल्ली एक्स-शोरूम 8.69 लाखांना आलं आणि 2020 च्या सुरुवातीला, बीएस-6 या प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या तोंडावर, बंद झालं. 998 सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो (जादा हवा आत कोंबणारं) पेट्रोल इंजिन, 102 पीएस म्हणजे अश्वशक्ती, 150 न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, पाच गिअर, हातानं टाकायचे. मागंही ड्रमऐवजी डिस्क ब्रेक. आणि ज्या आकड्यासाठी मी ही गाडी शोधत होतो तो म्हणजे वजन: 950 किलो.

मेहुण्याची गोकुळ शिरगावला फौंड्री आहे. धंद्यात चार पैसे आले तेव्हा त्यानं हौस पुरवून घेतली. मस्टँग जीटी भारतात 2016 मध्ये आली, 65 लाखांना. पाच लिटरचं व्ही-8 म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, 401 पीएस, 515 न्यूटन मीटर, सहा गिअरचं ऑटोमॅटिक, ताकद मागच्या चाकांना. वजन पावणेदोन टनांच्या आगेमागे. आमची अदलाबदल नेहमीची. त्याला गडहिंग्लज भागात कुठं कच्च्या रस्त्यानं जायचं असलं की तो माझी गाडी नेतो आणि त्याची माझ्या दारात लावून जातो. त्यामुळं मस्टँगही मला बऱ्यापैकी हाताळायला मिळालीय, नुसतं शेजारी बसून लिहीत नाही.

कुणी म्हणेल, बलेनो म्हणजे काय स्पोर्ट्स कार? मान्य. खरी हलकी स्पोर्ट्स कार म्हणजे 1989 ची माझदा मियाटा, नाहीतर 1996 ची लोटस एलिस, जिचं वजन सव्वासातशे किलोच्या आसपास होतं. मियाटा दहा लाखांच्या वर बनली, पण आपल्याकडं अधिकृतपणे कधी आलीच नाही. आपल्याकडच्या कराची मेख अशी की चार मीटरच्या आत लांबी आणि 1200 सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असलं तरच गाडी स्वस्त गटात बसते. मग ज्याला हलकी आणि चपळ गाडी हवी त्यानं बाजारातल्या हॅचबॅकमधूनच काहीतरी हुडकायचं. मी हे हुडकलं.

आता गणित. बलेनोला टनामागे 107 पीएस पडतात, मस्टँगला 230 च्या जवळपास. म्हणजे वजनाचा हिशेब धरूनही मस्टँग दुपटीनं पुढं आहे. शून्य ते शंभर ती पाच सेकंदांच्या आसपास, माझी दहाच्या वर. ‘हलकी गाडी कमी ताकदीतही तेवढीच पळते’ असं जे लोक बोलतात ते निदान या दोघींच्या बाबतीत खरं नाही. हलकेपणाचा फायदा वेगळीकडं आहे आणि तो कळायला वळणं लागतात.

फुलेवाडी, बालिंगा सोडून पुढं कळे ओलांडलं की गगनबावड्याचा रस्ता मोकळा होत जातो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये एकेक गाव, मग हळूहळू झाडी. इथं एका ठरावीक वळणाचं सांगतो. असळजच्या पुढं रस्ता डावीकडं वळतो आणि वळतावळताच चढाला लागतो. बलेनोत मी वळणाआधी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतो. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा अडीच हजारांच्या वर, म्हणजे टर्बो जागा असतो (सतराशेच्या खाली हे इंजिन निवांत असतं, तिथं घाई करून काही मिळत नाही). नाक आत वळलं की ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवायचा आणि तिथंच ठेवायचा. पुढची चाकं स्टिअरिंग जरा ओढतात, हातांना कळतं की आता पकड संपत आलीय. तीन सिलिंडरचा तो घरघरता आवाज वर चढतो, त्यामागून टर्बोची बारीकशी शीळ ऐकू येते, आणि एवढं सगळं होऊन वेगाच्या काट्यावर पाहावं तर साठ-पासष्ट. अशा रस्त्याला कारसाठी मर्यादा 70 ची. म्हणजे गाडीकडं होतं नव्हतं ते सगळं वापरलं, आणि कायद्यातही राहिलो.

त्याच वळणावर मस्टँग. नाक लांब, पुढचा कोपरा नक्की कुठं आहे याचा अंदाज घेत वळायचं. रुंदी 1.9 मीटरच्या वर, त्यामुळं समोरून एसटी आली की डावं चाक साईडपट्टीवर. ॲक्सिलरेटर जरा दाबला की पाठीत धक्का बसतो आणि पुढच्याच क्षणी पाय उचलावा लागतो, कारण पुढचं वळण आलेलं असतं. दाबलं, उचललं, ब्रेक. दाबलं, उचललं, ब्रेक. पूर्ण ताकद लावायला त्या रस्त्यावर जागाच नाही. भरल्या घरातून लोखंडी कपाट हलवावं तसं चाललेलं असतं: ताकद भरपूर, पण लक्ष सगळं भिंतीकडं.

उतारावर फरक आणखी स्पष्ट होतो. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरताना जेवढी उंची कमी होते, तेवढ्या उंचीची सगळी ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते आणि ती वजनाच्या सरळ प्रमाणात असते. वजन जवळपास दुप्पट तर ब्रेकमध्ये तयार होणारी उष्णताही तेवढीच जास्त. मोठ्या गाडीला ब्रेकही मोठे असतात, ते सहन करतात, पण खाली उतरून थांबलं की चाकाजवळून तो जळका वास येतोच. बलेनो दुसऱ्या गिअरवर ठेवली की इंजिनच बरंचसं धरून ठेवतं, ब्रेकला नुसता हात लावल्यासारखं.

टायरचंही तसंच. टायरवर दुप्पट भार टाकला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून जड गाडीला रुंद टायर लागतात. बलेनोला 195 मिलिमीटर रुंदीचे, मस्टँगला मागं 275. रुंद टायरला ताकद जास्त लागते, किंमत जास्त, आणि चाक स्वतःच जड. एक वजन दुसऱ्या वजनाला बोलावून आणतं. माझं उद्यमनगरात मशीन शॉप आहे, कास्टिंगमधून दोनशे ग्रॅम कमी करायला गिऱ्हाईक किती मागं लागतं हे आम्ही रोज बघतो, त्यामुळं हे मला पटकन पटतं.

इथं 1964 ची माँटे कार्लो रॅली आठवते. पॅडी हॉपकर्कची 1071 सीसीची मिनी कूपर एस पहिली आली आणि दुसरी आली फोर्डची व्ही-8 वाली फाल्कन, इंजिन चौपटीहून मोठं. मिनीवाले ही गोष्ट छाती फुगवून सांगतात, पण अर्धी. त्या रॅलीत इंजिनाच्या आकारावरून हँडिकॅप होता, म्हणजे लहान इंजिनाला गुणांत सवलत, आणि नुसत्या घड्याळावर फाल्कन कितीतरी टप्प्यांत पुढं होती. मेहुण्यानं हे हुडकून काढलं आणि मला ऐकवलं, त्याचा तो हक्कच. मात्र 1965 आणि 1967 लाही मिनीनंच ती रॅली मारली, हे मी त्याला ऐकवलं. मस्टँगचा जन्मही 1964 चाच, एप्रिलचा. साठ वर्षं होऊन गेली तरी भांडण तेच.

आता मस्टँगच्या बाजूनं बोलतो, कारण ते बोललंच पाहिजे.

“दाजी, कागलच्या पुढं एकदा पाय दाबून बघा, मग मला वजनाचं सांगा,” मेहुणा म्हणाला होता. दाबला. पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणीच्या बाजूला तवंदी घाटाचा चढ लागतो. तिथं ट्रक डाव्या लेनमध्ये धापा टाकत असतात आणि माझी बलेनो चौथ्यावरून तिसऱ्यावर आणावी लागते. मस्टँगला चढ लागलाय हे कळतही नाही. पाच लिटर म्हणजे काय ते तिथं समजतं. टर्बोची वाट बघायची नाही, आवाज पोटात घुमतो, आणि शंभरच्या मर्यादेला इंजिन जवळजवळ झोपलेलं. बेळगावपर्यंत गप्पा मारत जावं. माझ्या गाडीत शंभरला टायरचा आणि वाऱ्याचा आवाज एवढा येतो की मागच्या सीटवरचं बोलणं दोनदा विचारावं लागतं. हलकेपणाची ही किंमत आहे. आवाज अडवणारं साहित्यही वजनच असतं.

आणि कोल्हापूरकरांना मोठ्या इंजिनाचं प्रेम शिकवायला नको. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा सोनं लुटायला आलेली माणसं आधी गाडी बघतात. त्या लांबलचक बॉनेटचा एक रुबाब असतो, तो 998 सीसीला येत नाही. मस्टँग पेट्रोल पंपावर उभी केली की पोरं गोळा होतात, “नाद खुळा” म्हणत फोटो काढतात. माझ्या गाडीचा फोटो आजवर फक्त विमावाल्यानं काढलाय.

हलक्या गाडीची एक गोष्ट मात्र आधी कुणी सांगितली नव्हती, ती माणसं भरल्यावर कळते. सासरची चार मोठी माणसं, त्यांच्या पिशव्या आणि डिकीत गुळाच्या ढेपा, मिळून तीनेकशे किलो धरा. बलेनोला ही तिसऱ्या हिश्श्याची वाढ झाली. वाघबीळपासून पन्हाळ्याचा चढ लागला की गाडीचं रूपच बदलतं, गिअर एक खालचा लागतो, मागचं सस्पेन्शन बसतं, ब्रेक लांब लागतो. मस्टँगला तेच तीनशे किलो म्हणजे सहावा हिस्सा. (अर्थात तिच्या मागच्या सीटवर सासूबाई बसणार नाहीत, तो भाग वेगळा.) त्यामुळं चपळपणाचं जे वर्णन वर केलं ते एकट्यानं, फार तर दोघांनी जातानाचं आहे.

सुरक्षेबद्दल बायकोनं विचारलं होतं. हलकी आणि जड गाडी एकमेकींवर आपटल्या तर हलकीला जास्त हिसका बसतो, हे भौतिकशास्त्र आहे, त्याला इलाज नाही. पण गळीत हंगामात रात्री, मागं लाल दिवा नसलेली उसाची डबल ट्रॉली समोर आली तर तिच्यापुढं दोघीही सारख्याच. तिथं लवकर थांबणं महत्त्वाचं, आणि कुडित्रेच्या अलीकडं एकदा बलेनो अशी थांबली की त्यानंतर त्या चार डिस्कबद्दल मी कधी शंका घेतली नाही.

पावसात मस्टँग मी टाळतो. ओला रस्ता, मागची चाकं आणि 515 न्यूटन मीटर. चाकं घसरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा सारखा लुकलुकत असतो. ओल्याचा वेगळा मोड आहे, तो लावला की गाडी सभ्य होते, पण मग व्ही-8 कशाला घेतली असं वाटतं. तसाही मांडुकलीला पाणी आलं की गगनबावडा रस्ता बंदच, दोघींनाही.

शहरात तुलना करण्यात अर्थ नाही. मंगळवार पेठेतल्या बोळात मस्टँग घालायची म्हणजे दोन्ही बाजूंच्या मोटारसायकली आधी कुणीतरी हलवायच्या. स्पीडब्रेकर तिरके घ्यायचे. माझी गाडी लिटरमागे शहरात तेरा-चौदा किलोमीटर, बाहेर अठराच्या आसपास देते. मस्टँग पाच-सहा.

बलेनो आरएस जुन्या बाजारात बघत असाल तर दोन-तीन गोष्टी. ऑईल बदलाच्या नोंदी मागा, टर्बो गाडीला त्याशिवाय हात लावू नका. थंड इंजिन स्वतः सुरू करून बघा, तीन सिलिंडरची थोडी थरथर चालते, पण गरम झाल्यावरही ती स्टिअरिंगमध्ये राहिली तर माऊंटिंग तपासा. आणि आधीच्या मालकानं सतरा इंची अलॉय घातली असतील तर भाव करताना मूळ चाकं मागून घ्या. माझ्या गाडीला तशीच होती. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की खड्ड्यात चाक उशिरा खाली येतं, गाडी रस्ता सोडून उडते. शिवाय त्यातलं एक चाक शहरातल्या एका टायरवाल्यानं वाकडं करून दिलं. मूळ सोळा इंची बसवली आणि स्टिअरिंगला जीव आला. आता उद्यमनगरातली पोरं रिमॅपच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्याच्या, मागं लागलीत, आणखी वीस-पंचवीस पीएस मिळतील म्हणतात. मिळतीलही. पण असळजच्या वळणावर आहे ती ताकद मी पूर्ण वापरतोय, त्यामुळं तो खर्च सध्या टायरवर करणार आहे. 195/55 आर 16 च, त्याहून रुंद नाही.