आन ११ सेबर : दहा महिने हाताळल्यावर

तलवारीला दहापैकी नऊ, म्यानाला चार.

नेपोलियनच्या हलक्या घोडदळाची, म्हणजे हुसार आणि शॅसर स्वारांची ही वक्र तलवार. 'आन ११' म्हणजे फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातलं अकरावं वर्ष, १८०२-०३. पातं साधारण ८८ सेंटिमीटर, त्यावर एक रुंद पन्हळ. परज, म्हणजे हात वाचवणारी मुठीवरची आड, पितळी, तीन दांड्यांची. लाकडी मुठीवर चामडं आणि चामड्यावर पिळाची पितळी तार.

म्यान जाड लोखंडी पत्र्याचं. आत पातं धरून ठेवायला लाकडी पट्ट्या असतात आणि सगळी गोम तिथेच आहे. पट्ट्या झिजल्या की पातं खुळखुळतं, म्यानाचं तोंड दर वेळी त्याच जागी घासतं आणि तिथे चकचकीत ओरखडा उठतो. शिवाय लाकूड ओल धरतं, त्यामुळे गंज आतून चढतो आणि बाहेरून पत्ताही लागत नाही. म्हणून तलवार आणि म्यान वेगवेगळे ठेवा. पातं अडकलं असेल तर पिळू नका. तोंडाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचे चार थेंब टाका, रात्रभर थांबा, मग सरळ ओढा. म्यानात तेल ओतलंत तर लाकूड चिकट होतं आणि धूळ धरून बसतं.

पात्यावरचा लाल गंज पातळ मशीन ऑइल आणि ०००० नंबरच्या स्टील वूलने हलक्या हाताने निघतो. फडक्याला तपकिरी रंग लागायचा थांबला की हात आवरा. खालचा काळपट थर राहू द्या, वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरे. ब्रासोला मात्र मुठीजवळ फिरकू देऊ नका. तारेच्या पिळात त्याची पांढरी पूड बसते, ती निघता निघत नाही.

पॉलिशचा पॅड फिरवणं हा तर गुन्हाच, कारण पात्याच्या पाठीवर फ्रान्समधल्या क्लिंगेनथालच्या शस्त्र-कारखान्याचं नाव आणि तारीख बारीक तिरक्या अक्षरांत कोरलेली असते आणि पहिला बळी तिचाच जातो. खरी-खोटी ओळखायलाही तीच कामाला येते. कारखान्याच्या नावात 'नाशियोनाल' (राष्ट्रीय) १८०४ पर्यंत, पुढे 'अँपेरियाल' (साम्राज्याचा), १८१४ मध्ये राजा परतल्यावर 'रोयाल' (राजाचा). क्रांतीचं पंचांग १ जानेवारी १८०६ ला बंद झालं, त्यानंतरची तारीख साध्या सनात. तेव्हा 'नाशियोनाल'शेजारी १८११ दिसलं तर पुढचं बोलणं नको.

भारतात मागवणार असाल तर आधी आयात परवान्याचं बघा, तलवार आर्म्स अॅक्टखाली येते.

परज किंचित हलते, हा दोष नाही. लाकूड सुकून आकसलेलं असतं. पात्याचा मुठीतून जाणारा शेपटा मुठीच्या टोकाला ठोकून बसवलेला असतो. तो पुन्हा ठोकलात तर मूठ उभी फुटते. विक्रेत्याने 'घट्ट करून दिलीय' म्हटलं की ते टोक भिंगाखाली पाहा. तिथे ताजी चकाकी दिसली तर भाव पाडून मागा.