गयानातला कायेतूर धबधबा, छोट्या विमानाची टूर

जॉर्जटाऊनहून एक दिवसाची टूर केली. दक्षिण अमेरिकेत काहीतरी वेगळं बघायचंय त्यांनी गयानाला जाऊन हे करावंच. ओगल एअरपोर्टवरून डझनभर सीटचं विमान, साधारण तासभर खाली नुसतं जंगल, ना गाव ना रस्ता, आणि मग एकदम पोटारो नदी 226 मीटर सरळ खाली कोसळताना दिसते, मधे टप्पाच नाही. आंबोलीच्या पावसात भिजत मोठी झालेय मी, तरी इथे बोलतीच बंद झाली. कड्याला रेलिंग नाही, गर्दी नाही, मुलं बरोबर असतील तर हात अजिबात सोडू नका.

गाईड तर फारच भारी. अननसासारख्या दिसणाऱ्या, माणसाहून उंच झाडाच्या पानांच्या बेचक्यात साठलेलं पाणी त्याने दाखवलं, आणि तिथे अंगठ्याच्या नखाएवढा सोनेरी बेडूक! अंडीसुद्धा त्याच झाडात घालतो म्हणे, किती वेळ बघत बसले मी.

तक्रार एकच, पुरेसे प्रवासी नाहीत म्हणून आदल्या रात्री फ्लाईट रद्द केली आणि दोन दिवसांनी नेलं, हे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं ना. परतीच्या तिकिटाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवाच.

जेवणात चिकन करी आणि रोटी होती. 1838 पासून भारतातून मजूर इथे आणले गेले, त्यांच्या घरातली ही रोटी, मऊ, पदर सुटलेली. मी दोनदा मागून घेतली.