‘बिना ऑपरेशन, बिना चष्मा तिरळेपणा बरा’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

लहान मुलाचा डोळा तिरका असेल तर हे नक्की वाचा. माझी भाची 4 वर्षांची, जवळचं बघायला लागली की डावा डोळा नाकाकडे वळतो. डॉक्टरांनी प्लस नंबरचा चष्मा दिलेला, लावला की डोळा सरळ, काढला की परत आत, म्हणून घरच्यांना वाटायचं चष्म्याचा काही उपयोग नाही. नेमकं हेच एका थेरपी सेंटरवाल्यांनी हेरलं. ताईकडून 18 हजार आगाऊ घेतले, चष्म्याने डोळा आळशी होतो म्हणून तो काढायला लावला, ऑपरेशनमध्ये डोळा बाहेर काढून ठेवतात असं घाबरवलं. धादांत खोटं आहे हे, डोळा जागेवरच असतो, त्याला हलवणारे स्नायू फक्त घट्ट किंवा सैल करतात.

मग काय, रंगीत लाइटच्या मशीनसमोर बसवायचं आणि घरी घालायला थेंब, बाटलीवर ना कंपनीचं नाव ना एक्सपायरी, घातले की पोर रडून घर डोक्यावर घ्यायची.

सगळ्यात संताप फोटोंचा येतो. पहिला फोटो काढताना टेडी तिच्या नाकासमोर धरलेला, नंतर ‘रिझल्ट’चा फोटो काढताना तोच टेडी पार दाराशी. अशा मुलांना जवळचं बघताना फोकस करायला जोर लावावा लागतो आणि त्या जोराने डोळा आत ओढला जातो, लांब बघताना तो कमीच वळतो, मग फोटोत सरळ दिसणारच ना! चष्मा तो जोर कमी करतो, तोच तर उपचार होता.

इकडे चष्मा सुटल्यावर मेंदूने डाव्या डोळ्याचं चित्र घेणंच कमी केलं, नजर उतरली. आता परत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी, वय लहान आहे म्हणून सुधारेल म्हणतात डॉक्टर. काही प्रकारांत डोळ्यांचे व्यायाम खरंच चालतात, पण ते तपासून डॉक्टरच देतात. आणि फोटोत बुबुळात पांढरी चमक दिसली तर एक दिवसही थांबू नका, डोळ्याच्या कॅन्सरमध्ये असं दिसू शकतं.

पैसे परत मागितले तर म्हणे पावती ‘वेलनेस फी’ची आहे, आम्ही उपचार केलेच नाहीत. मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर आम्ही ट्रेनर आहोत. ताईने ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार दिलीय. तुम्हीही अशा ठिकाणी अडकला असाल तर पावती, बाटली, मेसेज काहीच टाकून देऊ नका.